पाच जिनसांचा पेला

कोल्हापुरात कुणी "चला, कॉकटेल घेऊया" म्हणालं की बाहेरगावचा पाहुणा दचकतो. इथल्या कोल्ड्रिंक हाऊसमध्ये कॉकटेल म्हणजे उंच ग्लासातलं आइस्क्रीम, त्यात फळांच्या फोडी आणि जेली, आणि ते चमच्याने खायचं. आम्ही सगळे लहानपणी तेच खाऊन मोठे झालो. या प्रकरणातलं कॉकटेल ते नव्हे. हे आहे रम आणि फळांच्या रसाचं, उष्ण प्रदेशातलं, ज्याला वेस्ट इंडीजकडे 'रम पंच' म्हणतात. ते घरी कसं करायचं हे तर सांगायचंच आहे, पण त्याआधी एक गोष्ट सांगितल्याशिवाय मला पुढे जाववत नाही. लोक या पेल्याला परदेशी समजतात. त्यातला ऊस, लिंबू सोडाच, त्याचं नावसुद्धा बहुधा आपल्याच किनाऱ्यावरून गेलेलं आहे.

सुरुवात उसापासून करू. कोडोली हे पन्हाळा तालुक्यातलं मोठं गाव. दक्षिणेला जोतिबाचा डोंगर, उत्तरेला वारणा नदी, आणि गावाला लागूनच वारणानगर. तात्यासाहेब कोरे यांनी १९५०च्या दशकात इथे सहकारी साखर कारखाना उभारायला घेतला आणि माळाचं रूप पालटलं. दिवाळी सरली की हंगाम सुरू होतो. पालं ठोकून राहिलेल्या ऊसतोड टोळ्या पहाटे कडाक्याच्या थंडीत फडात उतरतात, रस्त्यावर बैलगाड्या आणि दोन-दोन ट्रॉल्या जोडलेले ट्रॅक्टर यांची रांग लागते, आणि रात्री वारं फिरलं की शिजलेल्या रसाचा जड, गोड, किंचित आंबूस वास घरात शिरतो. बाहेरच्या माणसाला तो वास नकोसा होतो. ज्याचं बालपण त्यात गेलं त्याला तो हिवाळ्याचा वास वाटतो. रमची बाटली पहिल्यांदा उघडून नाकाशी धरली तेव्हा मला तोच वास आला होता.

याला कारण आहे. कारखान्यात रस आटवून साखरेचे दाणे धरतात, मग गरगर फिरणाऱ्या सेंट्रिफ्युगल यंत्रात दाणे एकीकडे आणि काळा चिकट पाक दुसरीकडे होतो. त्या पाकातून पुन्हा साखर काढतात, पुन्हा फिरवतात. शेवटी ज्यातून साखर काढणं परवडत नाही असा जो काळा पाक उरतो ती मळी, म्हणजे मोलॅसिस. (गुऱ्हाळात काहिलीवरची घाण झाऱ्याने काढतात तिलाही आपण मळीच म्हणतो, ती वेगळी.) एक टन उसातून आपल्या भागात ११५ ते १२० किलो साखर निघते आणि ४० ते ४५ किलो मळी उरते. मळीत निम्म्याच्या आसपास साखर अजून असतेच, फक्त ती दाणा धरत नाही. पाणी घालून ती पातळ केली आणि यीस्ट सोडलं की दीड-दोन दिवसांत ती साखर मद्यार्कात बदलते. मग ऊर्ध्वपातन. टनभर उसाच्या मळीतून शुद्ध मद्यार्क निघतो साधारण दहा लिटर.

आता हिशेब पेल्यावर आणू. आपल्या पेल्यात ४५ मिली रम जाणार आहे. भारतीय बाटलीवर बारीक अक्षरात ४२.८ टक्के लिहिलेलं असतं, म्हणजे ४५ मिलीत शुद्ध मद्यार्क १९ मिलीच्या जरा वर. त्या हिशेबाने एका पेल्यामागे जवळजवळ दोन किलो ऊस येतो. दोन किलो म्हणजे फडातले एक-दोन ऊस, आणि त्यातली साखर आधीच कुणाच्या तरी चहात गेलेली. ४२.८ हा आकडा असा अपूर्णांकात का? तो जुन्या इंग्रजी मोजमापातून आला आहे. बंदुकीच्या दारूवर मद्य ओतून ती पेटते का हे पाहायची एक जुनी रीत होती. पेटली तर मद्य 'प्रूफ', म्हणजे कसाला उतरलेलं. पुढे ती सीमा ५७ टक्क्यांच्या जरा वर ठरली आणि भारतात विक्रीसाठी तिचा पाऊण हिस्सा कायम झाला. ५७.१ चा पाऊण करून बघा, ४२.८ येतं. काही बाटल्यांवर '२५ यू. पी.' असं आजही छापलेलं असतं, ते हेच: कसापेक्षा पंचवीस टक्के खाली.

कोडोलीसारख्या गावात रमची ओळख बहुतेक घरांना एकाच वाटेने झाली. घरातला कुणीतरी फौजेत. सुट्टीवर येताना ट्रंकेत कँटीनची बाटली, आणि तिचं नाव एकच: 'मिल्ट्रीची रम'. मोहन मीकिनची ओल्ड मंक १९५४ साली बाजारात आली आणि पुढची कित्येक दशकं आपल्याकडे रम म्हणजे तीच काळी, व्हॅनिलाच्या वासाची रम असं समीकरण झालं. ती प्यायची रीतही ठरलेली: पाण्यात, नाहीतर कोलामध्ये. फळाच्या रसात रम घालायची असते हे कुणी सांगितलंच नाही. योगायोग असा की त्याच १९५४ साली प्वेर्तो रिकोतल्या सान हुआनमध्ये, कॅरिबे हिल्टन हॉटेलात रामोन मारेरो नावाच्या बारटेंडरने रम, अननस आणि नारळाची मलई एकत्र करून 'पिन्या कोलादा' बनवल्याचं सांगतात. १९७८ साली ते त्या बेटाचं राष्ट्रीय पेय झालं. अननस आणि नारळ! आंबा घाट उतरला की दोन्ही परसात उभे असतात.

आता नावाची गोष्ट. 'पंच' हा शब्द इंग्रजी कागदात पहिल्यांदा सापडतो तो १६३२ साली, ईस्ट इंडिया कंपनीच्या एका माणसाच्या पत्रात. म्हणजे शब्द बोलण्यात आला तो हिंदुस्थानात वावरणाऱ्या इंग्रजांच्या. पुढे जॉन फ्रायर नावाचा कंपनीचा डॉक्टर आला. हा मुंबईत राहिला, १६७५ मध्ये जुन्नरपर्यंत जाऊन आला, म्हणजे शिवरायांच्या काळातला महाराष्ट्र त्याने डोळ्यांनी पाहिला. १६९८ साली त्याचं प्रवासवर्णन लंडनात छापलं गेलं. त्यात तो गोव्याकडच्या नेरुळच्या उत्तम अरकाचा उल्लेख करतो आणि लिहितो की या अरकापासून इंग्रज जे पेय करतात त्याला 'पाँच' म्हणतात, कारण त्यात पाच जिन्नस असतात. दारू, साखर, लिंबू, पाणी आणि मसाला: पंचाची ही पाच नावं पुढे रूढ झाली.

शब्दाची ही व्युत्पत्ती सगळेच मानतात असं नाही. काहींच्या मते तो 'पंचन' या पिंपाच्या नावावरून आला, आणि जुन्या कृतींमध्ये जिन्नस नेहमी पाचच असत असंही नाही. मला स्वतःला फ्रायरचं म्हणणं पटतं, पण ते सोडून दिलं तरी एक गोष्ट उरतेच: हे पेय युरोपात जन्मलं नाही. वाइन आणि बिअर समुद्रप्रवासात नासायची, म्हणून खलाशी आणि वखारवाले इथला माडीचा अरक, इथली साखर, इथलं लिंबू घेऊन बसले. तिथून पंच लंडनला गेलं, तिथून अमेरिकेला आणि कॅरिबियन बेटांवर. तिथे माडीचा अरक नव्हता, उसाची रम होती. अरकाची जागा रमने घेतली.

त्या रमची गोष्ट गोड नाही, आणि ती गाळून पुढे जाणं मला बरं वाटत नाही. बार्बाडोस, जमैका या बेटांवर ऊस लावला तो आफ्रिकेतून गुलाम करून आणलेल्या माणसांच्या हातांनी. ब्रिटिश साम्राज्यात गुलामगिरी उठली आणि १८३४ पासून मॉरिशसच्या उसाच्या मळ्यांवर हिंदुस्थानातून करारावर मजूर जाऊ लागले. मुंबई बंदरातून गेलेल्यांत कोकणातली मराठी माणसं होती. त्यांचे वंशज आजही मॉरिशसमध्ये गणपती बसवतात, त्या दिवशी देशाला सुट्टी असते. त्याच बेटावर फळं, व्हॅनिला, दालचिनी घालून बरणीत रम मुरवत ठेवायची घरगुती पद्धत आहे, आपण लोणचं मुरवतो तशी. आणि आपल्या बाजारात केरळातल्या वाळकुळमहून जो छोटा, सोनेरी, घमघमीत अननस येतो, त्या जातीचं नावही मॉरिशसच.

तर आता ओट्यापाशी येऊ.

पंचाचं जुनं कॅरिबियन प्रमाण तोंडपाठ ठेवण्यासारखं आहे: आंबट एक भाग, गोड दोन, कडक तीन, सौम्य चार. सौम्य म्हणजे फळांचा रस किंवा पाणी. मी हे प्रमाण आपल्या जिभेसाठी आणि आपल्या फळांसाठी थोडं बदललं आहे. अननस स्वतःच गोड, त्यामुळे वरून गोडी कमी लागते. एका पेल्याला काळी रम ४५ मिली, अननसाचा रस ९० मिली, मोसंबीचा किंवा संत्र्याचा रस ३० मिली, कागदी लिंबाचा रस १५ मिली आणि काकवीचा पाक १० मिली. वर जायफळ.

मापाला खास उपकरण लागत नाही. खोकल्याच्या औषधाच्या बाटलीवर प्लॅस्टिकचं टोपण असतं, त्यावर ५, १०, १५ मिलीच्या रेघा असतात. ते गरम पाण्याने धुऊन घ्या. डोळ्याच्या अंदाजाने ओतणारे लोक नेहमी रमच जास्त ओततात, लिंबू कधीच नाही.

अननस निवडताना त्याला उलटा धरून बुडाशी नाक लावावं. वास आला तर घ्यावा. रंगावर जाऊ नये. किलो-सव्वा किलोच्या अननसातून ३५० ते ४०० मिली रस निघतो, म्हणजे चार पेले. साल काढा, डोळे तिरक्या खाचांनी काढा, फोडी मिक्सरमधून फिरवून पातळ सुती कपड्यातून पिळून घ्या. चोथा टाकू नका, दुसऱ्या दिवशी शिऱ्यात जातो. खोक्यातला तयार रस वापरायचा असेल तर त्यात बहुधा साखर घातलेली असते. मग पाक निम्मा करा.

आणि काकवी. या पेल्याचं कोल्हापूरपण इथे आहे. पुस्तकं साखरेचा पाक सांगतात. साखर गोडी देते, बाकी काही देत नाही. काकवी म्हणजे गुळाच्या अलीकडचा टप्पा. गुऱ्हाळात रानभेंडीच्या चिकाने रस स्वच्छ केला, मळी काढली, काहील उकळत राहिली की १०५ अंशांच्या आसपास काकवी होते. गूळ व्हायला पारा ११८ पर्यंत चढावा लागतो. गुळव्या थर्मामीटर न लावता ते ओळखतो: पळीतून थेंब थंड पाण्यात सोडतो आणि त्याची गोळी चिमटीत धरून बघतो. काकवीत उसाची क्षारांची चव, भाजका कडवटपणा, आंबूस झाक हे सगळं शाबूत असतं. रममध्येही तेच असतं, कारण दोघींची आई एक. म्हणून काळ्या रमला काकवी जितकी बिलगते तितकी साखर बिलगत नाही. काकवी आणि कोमट पाणी समसमान घेऊन ढवळा, गाळा, गार करा. झाला पाक. काकवी नसेल तर चिकीचा नव्हे, साधा सेंद्रिय काळसर गूळ घ्या आणि तसाच विरघळवा.

हलवण्यासाठी घट्ट फिरकीचं झाकण असलेली काचेची बरणी पुरते. लोणच्याची मात्र घेऊ नका, हिंग आणि मोहरी कितीही धुतली तरी जात नाही. बरणीत सगळं घाला, सात-आठ मोठे बर्फाचे खडे टाका, झाकण लावा, बरणी फडक्यात गुंडाळा आणि पंधरा सेकंद जोरात हलवा. पंधरा म्हणजे खरोखर पंधरा, मनात मोजून. एक ग्रॅम बर्फ वितळताना ८० कॅलरी उष्णता ओढून घेतो. पेय गार होतं ते या वितळण्यामुळे, बर्फ नुसता गार असतो म्हणून नव्हे. त्यामुळे जे ४०-५० मिली पाणी आत मिसळतं ते भेसळ नाही. पंचाच्या पाच जिनसांतला पाणी नावाचा जिन्नस तो हाच.

आता झाकण उघडून बघा. वर बोटभर पांढरट फेस आलेला असतो, साबणासारखा घट्ट. ही अननसाची करामत. ताज्या रसातली प्रथिनं आणि गराचे बारीक कण हवेचे बुडबुडे धरून ठेवतात. त्या प्रथिनांतच ब्रोमेलेन नावाचं विकर असतं, प्रथिनांचे तुकडे करणारं. कच्च्या अननसाने जीभ चुणचुणते ती त्यामुळेच, आणि दुधात ताजा अननस घातला की दूध कडवट होतं तेही त्यामुळेच. शिऱ्यात अननस आधी शिजवून घालतात, तेव्हा उष्णतेने विकर मरतं आणि शिरा बिघडत नाही. आपल्या बायकांनी विकराचं नाव न ऐकता ही गोष्ट ओळखली होती.

गेल्या मार्गशीर्षात दाजी हुरड्याला आले होते. त्यांनी पहिला घोट घेतला आणि म्हणाले, "पाव्हणं, लिंबू जरा जास्त झालंय बघा." मी म्हटलं, "दाजी, दोन मिनिटं थांबा की." बर्फ थोडा सुटला, आंबट खाली बसलं, आणि मग ते काही बोलले नाहीत. आंबट-गोडाचा तोल गार पेल्यात वेगळा लागतो. थंडीने गोडी दबते, म्हणून हलवण्याआधी चाखाल तेव्हा पेय किंचित जास्त गोड लागायला हवं. आमटीत गूळ-चिंच घालताना हात हेच करतो, फक्त तिथे उलटं असतं: गरम असताना गोडी जास्त जाणवते.

ज्यांना नारळ हवा त्यांनी पिन्या कोलादाच्या वाटेने जावं: मोसंबी वगळून ४५ मिली जाड नारळाचं दूध, पहिल्या पिळीचं, सोलकढीसाठी काढतो तसं. लिंबू निम्मं करा, नाहीतर दूध फाटल्यासारखं दिसतं. वैशाखात हापूस आला की अननसाच्या जागी आमरस घालायचा मोह होतो. मी करून पाहिलं आणि सोडून दिलं. हापूस इतका दाट आणि इतका स्वतःचा असतो की रम त्यात हरवते आणि आंबाही बिघडतो. आंबा वाटीतच खावा. कोकम मात्र फार छान: लिंबाऐवजी आमसुलाचं आगळ चमचाभर, आणि पेला जांभळट लाल होतो.

या पेल्याची खरी अडचण ही की तो प्यायला फार सोपा आहे. सगळं मिळून २४० मिली भरतं आणि त्यात मद्यार्क आठ टक्के, म्हणजे स्ट्राँग बिअरइतका. पण बिअर कडू लागते आणि माणूस हळू पितो. इथे अननस दारूची चाहूल लागू देत नाही. एका पेल्यात १५ ग्रॅम मद्यार्क असतो आणि यकृत तासाला सात-आठ ग्रॅमच निस्तरतं, म्हणजे एक पेला उतरायला दोन तास. म्हणून जगभर चवीचं पेय म्हणून गाजलेल्या या पंचाला मी घरी एकाच पेल्याचं पेय मानतो. जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ साली स्पष्ट केलं आहे की दारूचं कोणतंही प्रमाण निर्धोक म्हणता येत नाही. पिणाऱ्याने ते माहीत असूनच पेला उचलावा. गरोदरपणात, औषधं चालू असताना, गाडी चालवायची असताना नाहीच. आपल्या राज्यात १९४९ चा दारूबंदी कायदा आजही लागू आहे: परवाना लागतो, आणि रमसाठी वय पंचवीस पूर्ण असावं लागतं. घरी मिसळणं वेगळं, गाळणं वेगळं. मळी आंबवून हातभट्टी लावणं हा गुन्हा तर आहेच, पण स्वस्त दारूत मिथेनॉल मिसळल्याने २०१५ साली मुंबईत मालवणीला शंभरावर माणसं गेली. 

कित्येक गावांत बायकांनी मतदान करून बाटली आडवी केली, म्हणजे दारूची दुकानं बंद पाडली, आणि ती का केली हे प्रत्येक घर जाणतं. म्हणून घरात पंच करायचं असेल तर पिणाऱ्यांच्याच नव्हे, न पिणाऱ्यांच्या पेल्याचीही तितकीच काळजी घ्यावी. त्यांना नुसता अननसाचा रस देऊन वाटेला लावू नये. रमऐवजी ४५ मिली गार कोरा चहा, कडक उकळलेला, आणि काकवीचा पाक १० ऐवजी २० मिली. चहाचा तुरटपणा रमचा कडकपणा भरून काढतो आणि काकवी मळीचा वास आणते. बाकी सगळं तसंच: तोच फेस, तोच बर्फ. वहिनींसाठी मी हाच पेला करतो, आणि दाजींनी एकदा चुकून तो उचलला तर अर्धा होईपर्यंत त्यांच्या लक्षात आलं नव्हतं.

शेवटचा जिन्नस, मसाला. वेस्ट इंडीजमध्ये पंचावर जायफळ किसतात. आयती पूड नको, तिचा वास कधीच उडून गेलेला असतो. अख्खं जायफळ घ्या आणि आल्याच्या बारीक किसणीवर पेल्याच्या अगदी वर दोन-तीन वेळा ओढा. फेसावर तपकिरी बुंदके पडतात. नाक जवळ न्या. उसाचा काळा गोडवा आणि त्यावर जायफळ, ही जोडी परकी नाही. होळीला चण्याची डाळ शिजून गुळात आटत येते, पुरण पाट्यावर वाटायला घ्यायच्या आधी आई त्यात जायफळ किसते, आणि सगळ्या घरात जो वास भरतो, तो हाच.